दुर्बीण एवढी महाग का? चष्म्याच्या दुकानातून

कासला फुलं आली की आमच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "ताई, दुर्बीण घ्यायची म्हणतोय. ऑनलाइन बघितलं तर दीड हजारालाही आहे आणि अडीच लाखालाही आहे. दोन्हींवर ८×४२ असंच लिहिलंय. मग एवढा फरक कशाचा?"

आमचं दुकान चष्म्याचं. दुर्बिणी आम्ही विकत नाही. पण आण्णा, म्हणजे माझे वडील, दुर्बिणी उघडून साफ करायचे, जुळवून द्यायचे. सातारा फौजींचा जिल्हा, त्यामुळे जुन्या दुर्बिणी घरोघरी असायच्या आणि बिघडल्या की आमच्याकडे यायच्या. ते काम मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. हिवाळ्यात मायणी-येरळवाडीला पक्षी बघायला जायचा नादही लागला. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मला काउंटरवर दोन मिनिटांत देववत नाही, आणि आज सविस्तर लिहायला बसले आहे.

आधी ते आकडे. ८ म्हणजे आठपट मोठं, ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. या दोन आकड्यांना पैसे लागत नाहीत. आठपट काय, वीसपट मोठं दाखवणाऱ्या काचाही स्वस्तात होतात. पर्यटनाच्या ठिकाणी टपरीवर टांगलेल्या दुर्बिणींवर २०×५० छापलेलं असतंच. पैसे लागतात ते मोठी झालेली प्रतिमा डोळ्यांपर्यंत अशी पोचवायला, की डोळ्यांना आणि मेंदूला वेगळं काही सांभाळून घ्यावं लागू नये. चष्म्याच्या धंद्यात रोज हेच बघते. नंबर बरोबर असूनही माणूस म्हणतो, "चष्मा लागत नाहीये." बहुतेक वेळा कुठेतरी मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा घोळ असतो. दुर्बिणीत तो घोळ कितीतरी पटींनी वाढतो.

कराडहून एक शिक्षक पती-पत्नी दुर्बीण घेऊन आले होते. एकदा हातातून पडली होती, बाहेर कुठेतरी दुरुस्त करून घेतली होती. सरांना छान दिसत होतं. बाईंचं मात्र दहा मिनिटांत डोकं चढायचं. सर म्हणाले, "हिला सवय नाही, दुसरं काही नाही." बाई काही बोलल्या नाहीत. मी दोघांची पीडी घेतली, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. सरांची ६८ मिलिमीटर, बाईंची ५७. दुर्बीण स्टँडवर लावली आणि समोरच्या वाड्याच्या कौलारू छपराची आढ्याची रेघ धरली. नळ्या सरांच्या ६८वर उघडल्या तर आढं सरळ, अखंड. मग बिजागरी मिटवत ५७वर आणली आणि मागे सरकून दोन्ही काचांतून एकदम पाहिलं. डाव्या काचेतलं आढं आणि उजव्या काचेतलं आढं यांच्यात स्पष्ट पायरी. एक वर, एक खाली.

बाईंना मी दाखवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मला होत होतं ते खरंच होतं."

खरंच होतं. दुरुस्त करणाऱ्याने दोन्ही नळ्या एकमेकींशी जुळवल्या होत्या, पण बिजागरीच्या आसाशी जुळवल्या नव्हत्या. अशी दुर्बीण एकाच पीडीला बरोबर असते. बिजागरी फिरवली की नळ्यांच्या दिशा फाकतात. चांगल्या दुर्बिणीत डावी नळी, उजवी नळी आणि मधला आस, तिन्ही एकमेकांना समांतर लागतात, म्हणजे मग ५५ पीडीची मुलगी आणि ७० पीडीचे आजोबा एकच दुर्बीण वापरू शकतात.

हे समांतरपण किती काटेकोर लागतं, ते सांगते. आपले डोळे आत वळू शकतात, वाचताना वळतातच. बाहेर फारसे वळत नाहीत. एक डोळा वर आणि एक खाली हे तर त्यांना जवळजवळ जमतच नाही. चष्म्यात उभा प्रिझम, म्हणजे एका डोळ्याचं चित्र वर-खाली सरकवणारा दोष, अर्धा डायॉप्टर जरी चुकून आला तरी तक्रारी सुरू होतात. अर्धा डायॉप्टर म्हणजे एक मीटरवर अर्ध्या सेंटिमीटरचा फरक, कोनात सांगायचं तर सुमारे १७ आर्क-मिनिटं (एका अंशात अशी ६० मिनिटं). आता आठपट दुर्बिणीत एका नळीची दिशा जरा हलली की तो फरक डोळ्यापाशी सातपट होऊन पोचतो. म्हणजे डोळ्याला १७ मिनिटांच्या आत ठेवायचं तर नळी अडीच मिनिटांच्या आत हवी. पंधरा सेंटिमीटर लांब नळीला अडीच मिनिटं म्हणजे तिच्या एका टोकाला मिलिमीटरचा दहावा भाग. एवढंच. आणि हे कारखान्यातून निघताना साधून भागत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात तापल्यावर, सज्जनगडाच्या पायऱ्यांवर आपटल्यावर, दहा वर्षं बिजागरी उघडमीट केल्यावरही ते तसंच राहायला हवं. महागड्या दुर्बिणीच्या किमतीत या एका गोष्टीचा वाटा फार मोठा आहे, आणि जाहिरातीत त्याबद्दल क्वचितच एखादी ओळ असते.

आण्णा जुनी फौजी ६×३० उघडायचे तेव्हा मी स्टुलावर बसून बघायची. पुढच्या काचेभोवती दोन कड्या असतात, एकीत एक बसवलेल्या. दोघींचं भोक मध्यापासून किंचित सरकलेलं. त्या उलटसुलट फिरवल्या की काच केसभर इकडे-तिकडे सरकते आणि नळीची नजर फिरते. आण्णा एक कडी इतकीशी फिरवायचे, समोर बघायचे, पुन्हा फिरवायचे. मध्ये चहा आला तर तो थंड होऊन जायचा. प्रिझमला मला बोट लावू द्यायचे नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडातच तो धरायचा. अख्खी दुपार एका दुर्बिणीवर जायची आणि गिऱ्हाईक विचारायचं, "फक्त फिरवायच्या तर होत्या ना कड्या?" उत्तम दुर्बिणीच्या कारखान्यात यंत्रं कितीही आली तरी हे शेवटचं जुळवणं आणि तपासणं शिकलेल्या माणसाच्या डोळ्याखालूनच जातं. तशी माणसं तयार व्हायला वर्षं लागतात.

प्रिझमचं नाव निघालं म्हणून. दुर्बिणीत नुसती फुगीर भिंगं घातली तर चित्र उलटं दिसतं, ते सुलटं करायला आत काचेचे प्रिझम असतात. इटलीच्या इग्नाझिओ पोरोने ही रचना १८५४ मध्ये पेटंट केली. पण त्या काळी पुरेशी शुद्ध काच मिळत नव्हती. पुढे जर्मनीतल्या येना गावात ऑटो शॉटने काच सुधारली, अर्न्स्ट आबेने गणित बसवलं आणि झाईस कंपनीच्या प्रिझमवाल्या दुर्बिणी १८९४ मध्ये बाजारात आल्या. खांद्यासारख्या बाहेर आलेल्या जुन्या दुर्बिणी असतात ना, त्या पोरो पद्धतीच्या.

आजच्या बहुतेक दुर्बिणींच्या नळ्या सरळसोट असतात. त्यांत रूफ प्रिझम असतो. त्याच्या दोन बाजू घराच्या पाख्यांसारख्या ९० अंशांत मिळतात आणि आढ्यावरच येणारा प्रकाश दोन भागांत फुटतो, पुढे पुन्हा एक होतो. हा ९० अंशाचा कोन काही आर्क-सेकंदांइतकाच चुकलेला चालतो. एका अंशात ३६०० सेकंद असतात, यावरून अंदाज घ्या. त्याहून जास्त चुकला तर एका पक्ष्याचे दोन अर्धवट पक्षी एकमेकांवर चढलेले दिसतात. आढ्याची धार तर अशी लागते की तिच्यावर बारीकसा टवकाही नको. टवका असला तर दिव्याकडे बघताना प्रकाशाची चीर उमटते. काच घासणं, पॉलिश करणं, तपासणं, नापास झाली तर बाजूला टाकणं. बाजूला पडणाऱ्या प्रत्येक प्रिझमचा खर्च पास झालेल्या प्रिझमवर चढतो.

एवढा अचूक प्रिझम करूनही जुन्या रूफ दुर्बिणी पोरोपेक्षा जरा मळकट दिसायच्या. आढ्यावर फुटलेले प्रकाशाचे दोन भाग परत येताना एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, त्यांच्या लहरींत सरकाव पडतो आणि बारीक तपशील पुसट होतो. झाईसने १९८८ मध्ये यावर फेज कोटिंग काढलं. निर्वात पेटीत त्या पाख्यांवर अतिपातळ थर चढवायचे, म्हणजे सरकाव भरून निघतो. आता ते मध्यम किमतीतही मिळतं. शिवाय नेहमीच्या श्मिट-पेचान जातीच्या प्रिझममध्ये एक बाजू आपोआप पूर्ण परावर्तन करत नाही, तिला आरसा करावा लागतो. ॲल्युमिनियमचा आरसा दहा-बारा टक्के प्रकाश खातो, चांदीचा तीन ते पाच टक्के, आणि कित्येक थरांचा डायइलेक्ट्रिक आरसा टक्क्याच्या आत. तिन्हींच्या किमती त्याच क्रमाने चढत जातात.

कोटिंगबद्दल मला जास्त बोलावंसं वाटतं, कारण चष्म्यातही गिऱ्हाइकाला नेमकं तेच पटवणं अवघड जातं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. चष्म्याच्या काचेला पृष्ठभाग दोनच. दुर्बिणीच्या एका नळीत हवा आणि काच यांची गाठ दहा-बारा वेळा, कधी त्याहूनही जास्त पडते. बारा वेळा चार-चार टक्के गेले तर शंभरातले साधारण एकसष्टच उरतात. गेलेला प्रकाश नुसता जात नाही, तो आत इकडे-तिकडे आपटून चित्रावर धुकं धरतो. झाईसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये यावरच्या कोटिंगचं पेटंट घेतलं. एक थर साधारण १०० नॅनोमीटरचा, माणसाच्या केसाच्या जाडीचा पाचशे ते हजारावा भाग. असे कित्येक थर, प्रत्येक पृष्ठभागावर, प्रत्येकाची जाडी ठरल्याप्रमाणे. मग प्रत्येक पृष्ठभागावरचं नुकसान अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं आणि बारा पृष्ठभाग ओलांडूनही चौऱ्याण्णव टक्के उरतात. खोक्यावर नुसतं 'कोटेड' लिहिलं असेल तर एखाददुसऱ्या पृष्ठभागावर एखादाच थर असतो. सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर असतील तर तसं 'फुल्ली मल्टिकोटेड' म्हणून स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणि कृपा करून लाल चमकणाऱ्या काचांच्या दुर्बिणी घेऊ नका. ते रुबी कोटिंग दिसायला भारी दिसतं, मुलं हट्ट धरतात. पण काच लाल चमकते याचा अर्थ लाल प्रकाश ती बाहेर फेकून देते आहे. आत उरतं ते हिरवट चित्र. तांबटाच्या कपाळावरचा लाल ठिपका बघायला दुर्बीण घ्यायची आणि तिने लालच परत पाठवायचा!

काचेच्या जातीबद्दल थोडक्यात. वेगवेगळे रंग काचेतून वेगवेगळे वाकतात, म्हणून आकाशासमोर बाभळीच्या शेंड्यावर बसलेल्या खाटीक पक्ष्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते. काच रंग किती फाकवते हे मोजायला आबेच्याच नावाचा आकडा आहे, आम्ही तो चष्म्यातही बघतो. पॉलिकार्बोनेटचा ३०, चष्म्याच्या साध्या सीआर-३९ प्लास्टिकचा ५८, दुर्बिणीच्या नेहमीच्या काचेचा ६४ आणि फ्लोराइट किंवा सर्वांत वरच्या ईडी काचेचा ९५ च्या आसपास. आकडा जास्त तेवढी किनार कमी. पण ही काच मऊ असते, लवकर ओरखडते, तापमान एकदम बदललं तर तडकते, म्हणून ती बनवणं आणि घासणं दोन्ही सावकाशीचं काम.

आता हे सगळं प्रत्यक्षात कुठे दिसतं? भर दुपारी दुकानाबाहेर उभं राहून अजिंक्यतारा पाहिला तर पंधरा हजारांची आणि अडीच लाखांची दुर्बीण यांत फारसा फरक कळणार नाही. उन्हात हवाच थरथरत असते, तिला कोणतीही दुर्बीण काही करू शकत नाही. मला फरक दिसला तो येरळवाडीच्या तलावावर. पुण्याच्या एका मैत्रिणीकडे ऑस्ट्रियाची ८×४२ होती, माझ्याकडे माझी नेहमीची, मधल्या किमतीची, तीही ८×४२. दिवसभर मी तिला म्हणत होते की तुझे पैसे जरा जास्तच गेले. रोहित समोर चिखलात चरत होते, दोन्हींतून गुलाबीच दिसत होते. सूर्य टेकडीमागे गेला आणि आम्ही दुर्बिणी बदलल्या. माझीतून पलीकडच्या काठावर बदकांचा एक काळसर पट्टा होता. तिचीतून त्याच पट्ट्यात चक्रवाकांची नारिंगी अंगं वेगळी होती, त्यांची फिकी डोकी वेगळी होती, आणि त्यांच्या मागे उभ्या शेकाट्याचे पाय पाण्यात कुठे शिरतात तेही कळत होतं. तिचीतून पश्चिमेच्या उजळ आकाशाच्या अगदी खालचा काळा काठ पाहिला, तरी चित्रावर पांढरा पडदा आला नाही. माझीवर आला. त्यानंतर अंधार पडेपर्यंत मी तिची दुर्बीण परत दिली नाही. तिनेही मागितली नाही.

वन्यजीव पाहणाऱ्यांचा खरा वेळ हाच असतो. कोयनेच्या जंगलात, चांदोलीच्या बाजूला, झाडांखाली दिवसाही उजेड कमी असतो. नव्वद टक्के प्रकाश पोचवणारी आणि सत्तर टक्के पोचवणारी यांतला फरक तिथे मोजावा लागत नाही, दिसतो.

चष्मा असणाऱ्यांसाठी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. फोकस आणि उजव्या डोळ्याची कडी फिरवून साधा प्लस-मायनस नंबर भरून निघतो, सिलेंडर (ॲस्टिग्मॅटिझमचा नंबर) निघत नाही. सिलेंडर नंबर असेल तर चष्मा घालूनच बघा. पण मग डोळा काचेपासून लांब राहतो आणि स्वस्त दुर्बिणीत चित्राचा मधला वाटोळा तुकडाच दिसतो. चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसायला डोळ्याकडच्या काचेपासून साधारण १६ ते २० मिलिमीटर अंतरावर प्रतिमा मिळायला हवी. तेवढं अंतर ठेवायचं, चित्र रुंदही ठेवायचं आणि कडेपर्यंत स्वच्छही ठेवायचं, तर मागची भिंगं मोठी आणि संख्येने जास्त लागतात. या तिन्ही मागण्या एकदम पुऱ्या करणारी दुर्बीण स्वस्त असूच शकत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या लोकांनी ७×५० च्या मागे लागू नये, हेही जाता जाता. ५० भागिले ७ म्हणजे सात मिलिमीटरचं उजेडाचं वर्तुळ बाहेर येतं आणि त्या वयात अंधारातही बाहुली बहुधा पाचच्या आसपासच उघडते. बाकीचा उजेड बुब्बुळावर पडून वाया जातो. ८×४२ चं वर्तुळ सव्वापाचचं, ते पुरतं.

उरलेला खर्च अंगाचा. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा सांगाडा, रबरी सील, आत हवेऐवजी नायट्रोजन किंवा आर्गॉन. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ठोसेघर, बामणोलीकडेही धुकं अंगातून जातं. सील नसलेली दुर्बीण तिथे एका पावसाळ्यात आतून धुरकट होते. शिवाय उत्तम दुर्बिणी संख्येने थोड्या खपतात, जर्मनी-ऑस्ट्रिया-जपानच्या पगारावर जुळतात, आणि आपल्याकडे येईपर्यंत आयात शुल्क आणि जीएसटी चढतो.

मग घ्यायची किती किमतीची? माझं मत विचाराल तर दोन हजारांची घेऊ नका. तेवढ्यात नळ्याच जुळलेल्या मिळत नाहीत आणि मुलाला डोकेदुखी मिळते. आठ-दहा हजारांची बऱ्यापैकी पोरो चांगली, कारण तिला रूफची धारही नको आणि आरसाही नको, तेवढ्या पैशांत काच चांगली मिळते. पंचवीस ते चाळीस हजारांत फेज कोटिंग आणि सील असलेली रूफ आली की बहुतेक पक्षीनिरीक्षकांची आयुष्यभराची सोय होते. त्यापुढे दर टक्का प्रकाशासाठी फार पैसे मोजावे लागतात. पण रोज चार-चार तास दुर्बीण डोळ्याला लावणारे, गणना करणारे, मार्गदर्शक, अभ्यासक, यांना ते मोजावेसे वाटले तर मी त्यांना कधीच उधळे म्हणणार नाही. दिवसअखेर डोळे थकलेले नसणं ही त्यांच्यासाठी चैन नाही.

बघायला जाल तेव्हा संध्याकाळी जा. दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या काचेतली उजेडाची वर्तुळं पाहा. गोल आणि कडेपर्यंत उजळ हवीत, कडेला करडे कोपरे नकोत. पुढच्या काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब धरा. हिरवट-जांभळट दिसलं तर कोटिंग आहे, त्यात एखादं पांढरं स्वच्छ दिसलं तर तो पृष्ठभाग कोराच सोडलाय. मग समोरच्या छपराची किंवा विजेच्या तारेची आडवी रेघ धरून दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या, रेघेत पायरी पडता कामा नये. बिजागरी आधी पूर्ण उघडून आणि मग मिटवून, दोन्ही वेळा बघा. घरात जे जे वापरणार असतील त्या सगळ्यांना सोबत न्या.

आणि घेतल्यावर, जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती कातडी केसमध्ये कपाटात ठेवू नका. ओल धरली की काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात, आणि ती बुरशी सगळ्यात आधी कोटिंग खाते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पाकिटं टाका, दाण्यांचा रंग बदलला की ती बदला. बुरशी लागलीच तर लवकर घेऊन या. महिन्याभरात आली तर बऱ्याचदा साफ होते, वर्षाने आली तर काचेवर डाग कायमचे राहतात.